मोडका खांदा घेऊन पनवेलला

आम्हा कोल्हापूरकरांना पनवेल म्हणजे चहाचा थांबा. मुंबईची एस्टी तिथं थांबते, कंडक्टर खाली उतरून कुठंतरी नाहीसा होतो, आपण पाय मोकळे करतो, चहा निवायच्या आत हॉर्न वाजतो आणि पनवेल संपतं. मुंबईला गिरणीत लागल्यापासून मी त्या गावावरून कितीदा गेलो-आलो असेन, पण थांब्याच्या मागं काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात पाहिलं. परत आल्यावर तालमीच्या कट्ट्यावर जो तो खांद्याचं काय झालं एवढंच विचारत होता. पनवेलचं कुणी विचारलं नाही. म्हणून दोन्ही एकदमच सांगतो. एक सोडून दुसरं सांगता येण्यासारखं नाही.

मी गोलकीपर. वस्तादांनी मला लहानपणी गोलात उभं केलं ते उंची होती म्हणून आणि पळायचा कंटाळा होता म्हणून. लढाईच्या काळात मुंबईच्या एका गिरणीला आपल्या संघासाठी गोलकीपर हवा होता. त्यांनी मला कापड खात्यात कारकून म्हणून घेतलं, पण खात्यात मी फारसा कधी बसलो नाही. सकाळी मैदान, संध्याकाळी सामना, आणि मधल्या वेळात अंगाला तेल. पुढं देशाच्या संघात निवड झाली. कोलंबो, रंगून, काबूल अशा ठिकाणी गेलो. लोकांना वाटतं, केवढं जग पाहिलं यानं. मी पाहिला तो समोरचा चुन्यानं आखलेला चौकोन. कोलंबोत त्या चुन्याखाली वाळू होती, रंगूनला चिखल होता, काबूलला खडे होते. माझ्या कोपरांना कळलेला फरक एवढाच.

गोलकीपरचं काम मैदानावरच्या इतर दहाजणांपेक्षा वेगळं. बराच वेळ तुम्ही नुसते उभे असता. खेळ पलीकडं चाललेला असतो, आरडाओरडा पलीकडं असतो. मग सगळं एकदम तुमच्यावर येतं. अडवलं तर ते तुमचं कामच होतं, आणि नाही अडवलं तर ते जन्मभर लोकांच्या लक्षात राहतं. रंगूनला माझ्या हातातून सुटलेला एक ओला चेंडू मला कोल्हापूरच्या भाजी मंडईत अजून ऐकवला जातो. त्या दौऱ्यात मी अडवलेल्या चेंडूंबद्दल कुणी बोलल्याचं आठवत नाही. यात तक्रार नाही. पण बारा महिने असं ताठ उभं राहून माणूस आतून कसा होतो ते सांगतोय.

खांदा गेला तो मुंबईतच, स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात. समोर गोदी कामगारांचा संघ होता. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हसुराम म्हात्रे म्हणून पनवेलकडचा आगरी तरुण. काळा, सडपातळ, आणि पायात असा वेग की पाठीमागचे बॅक नुसते बघत राहायचे. तो चेंडू घेऊन एकटा सुटला. मी पुढं आलो आणि त्याच्या पायांवर झेप घेतली. चेंडू मला मिळाला. त्याला थांबायला जागाच नव्हती. त्याचा गुडघा माझ्या उजव्या खांद्यात बसला. पंचांनी शिट्टी वाजवली ती फाऊलची नव्हे, मी उठलो नाही म्हणून.

इस्पितळात खांदा जागेवर बसवला, मोडलेलं हाड पट्ट्यात बांधलं. संघातली मंडळी आली, फळं ठेवून गेली. हसुराम पहिल्या दिवशी आला तो दारातच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा हातात आईनं पाठवलेल्या सुक्या बोंबलांची जुडी होती. तिच्या वासानं सगळा वॉर्ड उठून बसला आणि नर्सनं जुडी व्हरांड्यात नेऊन ठेवली. त्यानंतर तो गोदीतून सुटला की रोज येऊ लागला. बोलायचा नाही. स्टुलावर बसायचा, आणि भेटीची वेळ संपली की जायचा.

पट्टा सुटला तेव्हा हात खांद्याच्या रेषेपर्यंत जाई आणि तिथं अडे. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करत राहा, पण फार आशा धरू नका. इकडे नव्या दौऱ्यासाठी संघ निवडायचा होता. निवड समितीतल्या एकानं निरोप पाठवला होता की चाचणी सामन्यापर्यंत उभा राहिलास तर तुझा विचार करू. मला जायचं होतं. का जायचं होतं ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तेवढ्यात हसुराम म्हणाला की त्याच्या गावी त्याची आत्या हाडं बसवते, लांबलांबून माणसं तिच्याकडे येतात, तुम्ही चला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मी रजा टाकली. घरी बायकोला कळवलं की हवापालटासाठी पनवेलला जातोय. कोल्हापूरचा माणूस हवापालटाला पनवेलला जातो, हे तिला कसं वाटलं असेल ते तिनं नंतर सांगितलं. ते इथं सांगत नाही.

पनवेल

पनवेलला अजून आगगाडी नाही. ठाण्यावरून वळसा घालून आलो आणि यावेळी एस्टी हॉर्न वाजवून माझ्याशिवाय पुढं गेली. मागं वळून पाहिलं तर तिथं चांगलं भरलेलं गाव होतं. कौलारू दुमजली घरांची पेठ, मधे तळी, भाताच्या गिरण्यांचा भुसा हवेत उडतोय, आणि एका गल्लीत ओळीनं सुतार बसून बैलगाड्यांची चाकं करताहेत. आपल्याकडं गुऱ्हाळ लागलं की हवेला जसा गुळाचा वास येतो, तसा इथं खाऱ्या चिखलाचा आणि सुक्या मासळीचा वास. पहिल्या दिवशी तो नाकात शिरतो, तिसऱ्या दिवशी गावाचा वाटतो, आणि परत गेल्यावर त्याची आठवण येते.

बंदराच्या वाटेवर इसाकभाईंचं दुकान आहे. दोरखंड, कंदील, ताडपत्री, शिडाचं कापड असं सगळं ते विकतात. कोकणी मुसलमान, दाढी पांढरी, कमरेला चौकड्याची लुंगी. खाडीपलीकडच्या गावांतली माणसं होडीची वाट बघत त्यांच्याच ओट्यावर बसतात. हसुरामनं माझी ओळख करून द्यायच्या आधीच त्यांनी मला ओळखलं. तरुणपणी ते मुंबईचा एकही मोठा सामना चुकवत नसत. त्यांनी मला आत गादीवर बसवलं, चहा मागवला आणि रंगूनचा विषय काढला. मी मनात म्हटलं, आला तो ओला चेंडू. पण त्यांनी विचारलं ते निराळंच. त्यांचे एक चुलते रंगूनला दुकान करून होते, लढाईत सगळं टाकून पायी निघाले आणि वाटेतच गेले. तिथल्या बाजारात अजून आपली माणसं दिसतात का, असं त्यांना विचारायचं होतं. मला सांगता आलं नाही. मी रंगूनला गेलो होतो, पण बाजारात गेलो नव्हतो. सामना, हॉटेल, सामना. त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मला मात्र पुढं होडीत बसल्यावर वाईट वाटत राहिलं.

खाडीकाठी

हसुरामचं गाव खाडीच्या काठाला. एका बाजूला भरतीचं पाणी अडवायला घातलेला मातीचा लांब बांध, आत भातखाचरं, बाहेर मिठागरं. पूर्वेला बघाल तर कर्नाळा किल्ल्याचा सुळका आभाळात अंगठा उभा केल्यासारखा दिसतो. मी गेलो तेव्हा भात कापून झालं होतं, खळ्यांवर झोडणी चालली होती, आणि मिठागरांत नव्या हंगामासाठी माणसं पायांनी चिखल मळून तळ घट्ट करत होती. हसुरामच्या पायांत तो वेग कुठून आला ते मला तिथं कळलं. लहानपणापासून तो त्या चिखलात नाचलेला होता.

पहिले दोन दिवस मी फक्त झोपलो. जेवायला उठायचो, हात धुवायचो आणि पुन्हा पडवीतल्या खाटेवर आडवा. असा मी आयुष्यात झोपलो नव्हतो. हसुराम घाबरला, पनवेलहून डॉक्टर आणू म्हणाला. त्याची आई ठेंगणी, काटक, कासोट्याचं लुगडं नेसणारी बाई. ती खळ्यावरून आली, माझ्याकडं बघितलं आणि लेकाला म्हणाली, "झोपू दे त्याला. हात नाय दमला, मानूस दमलाय."

मी डोळे मिटून पडलो होतो, पण जागा होतो. इतकी वर्षं मी हेच कुणाकडून तरी ऐकायला थांबलो होतो असं मला वाटलं.

जेवणाचं सांगायलाच हवं. आपण भाकरी म्हणतो ती जोंधळ्याची, थापताना आवाज करणारी. इथली तांदळाची, पांढरीशुभ्र आणि इतकी मऊ की चावायचं काम पडत नाही. आपल्याकडं पाहुणा आला की मटण. इथं पाहुणा आला की कुणीतरी खाडीत उतरतं. मला जिताडा मासा मिळाला, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे मिळाले. जिताड्याचं कालवण मी कोल्हापुरी तोंडानं जेवलो आणि तिखट कमी आहे म्हणालो, तेव्हा हसुरामच्या आईनं दुसऱ्या दिवशी असं कालवण केलं की मीच पाणी मागत सुटलो. ती खूष झाली. एकदा ताटात बोटाएवढे मासे आले. छान लागले. नंतर बांधावरून चालताना चिखलावर टुणटुण उड्या मारत फिरणारे, डोळे बाहेर आलेले प्राणी पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. हसुराम म्हणाला, निवट्या, काल तुम्ही खाल्ल्या त्याच. बघायच्या आधी खाल्ल्या ते बरं झालं.

त्याच बांधावर माझी फजिती झाली. आपल्याकडच्या काळ्या रानात पाय रुतला तर काढता येतो. खाडीचा चिखल तसा नाही, तो धरून ठेवतो. मी मिठागर जवळून बघायला म्हणून बांध उतरलो आणि मांडीपर्यंत आत गेलो. एक हात कामाचा नाही, त्यामुळं जोर देता येईना. हसुरामची आई आणि आणखी दोघी बायका फळी घेऊन आल्या, मला तिच्यावर पालथं झोपवून ओढलं. देशाचा गोलकीपर चिखलातून पोटावर सरपटत बाहेर आला. एक बूट तिथंच राहिला. बाकीचे दिवस मी अनवाणीच काढले आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

तुळसाआत्याकडे रोज सकाळी जायचो. हसुरामच्या वडिलांची ती थोरली बहीण, विधवा, गावाच्या टोकाला एकटी राहणारी. फार कमी बोलणारी. ती कोमट तेल लावून खांदा चोळायची, मग कुडाच्या भिंतीसमोर उभं करून बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवायला लावायची. जिथं हात थांबेल तिथं कोळशानं खूण करायची. पहिले काही दिवस खुणा वर सरकत गेल्या. मी हरखलो. संध्याकाळी पडवीत बसून चाचणी सामन्याचा विचार करू लागलो. उजवीकडचा उंच चेंडू डाव्या हातानं कसा काढायचा, बॅकना कुठं उभं करायचं. मग खुणा सरकायच्या थांबल्या. एकाच जागी कोळसा लागून लागून तिथं काळा डाग झाला.

एका सकाळी तिनं तेल लावलं, पण भिंतीकडं नेलं नाही. तिथंच पाटावर बसवलं आणि म्हणाली, "हात चालंल. घास खाशील, पोर उचलशील, काम करशील. पन डोक्याच्या वर नाय जानार."

मी विचारलं, आणखी महिनाभर राहिलो तर? ती म्हणाली की महिनाभर रहा, वर्षभर रहा, घर तुझंच आहे, पण खोटं सांगून तुला ठेवून घेणार नाही. मुंबईच्या डॉक्टरनं काय सांगितलं होतं तेही तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं मान हलवली. दोघांचं एकच मत पडलं होतं.

मी बाहेर आलो आणि बांधावर जाऊन बसलो. रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. समोर ओहोटीचं पाणी चाललं होतं, बगळे उभे होते. आणि मला हलकं वाटलं. आता कुठल्या गावच्या कुठल्या गोलात कुणी माझ्यावर धावून येणार नाही, मंडईत कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही. वाईट नंतर वाटलं, आणि पुष्कळ वाटलं. पण आधी हलकं वाटलं, हे खरं.

हसुरामला मी काही सांगितलं नाही. आत्यालाही म्हटलं, त्याला सांगू नकोस. कारण त्याच्या आईनं मला मध्येच एक गोष्ट सांगितली होती. मला वाटत होतं की तो झोडणीसाठी रजा घेऊन आलाय. रजा होती, पण त्यानं गोदीच्या संघाला कळवून टाकलं होतं की यापुढं खेळणार नाही. चाचणी सामन्याला त्यालाही बोलावलं होतं, तिथंही जाणार नाही म्हणाला होता. आईला खेळातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की पोरगा पूर्वी घरी आला की खळ्यावर लिंबं सुद्धा पायानं उडवायचा, आणि आता चेंडू कोनाड्यात ठेवून दिलाय. तुम्ही त्याला बोला, म्हणाली. मी हो म्हटलं, आणि बोललो नाही.

ते बोलणं खाडीनंच घडवून आणलं. आम्ही दोघं तेल आणि दोरखंड आणायला होडीनं पनवेलला गेलो होतो. इसाकभाईंच्या ओट्यावर गोदीच्या संघाचा एक माणूस मुंबईहून येऊन बसला होता. तो हसुरामला समजावत राहिला, संघाची अडचण सांगत राहिला. हसुराम खाली बघून दोराची गुंडाळी उलटसुलट करत होता. इसाकभाई मधूनच एकदा म्हणाले की पाणी उतरतंय, निघा. पण तो माणूस सोडेना आणि हसुराम नाही म्हणून उठेना. शेवटी निघालो तेव्हा उशीर झाला होता. अर्ध्या वाटेत होडीचा तळ चिखलाला टेकला. दोन्ही बाजूंना चमकणारा चिखल, मधे आम्ही, आणि भरती येईपर्यंत हलायची सोय नाही. दुपारचं ऊन होतं. त्यानं शिडाचं कापड माझ्या डोक्यावर ओढून दिलं.

मग त्यानंच विचारलं, "दादा, आत्या काय बोलली?"

मी सांगून टाकलं. हात वर जाणार नाही, मी खेळणार नाही. तो वल्हं चिखलात खुपसून काढत राहिला. मग मी बांधावरचं तेही सांगितलं. आधी हलकं वाटलं ते. बायकोलाही तोवर सांगितलं नव्हतं.

"तुमी माज्यासाटी असं बोलता," तो म्हणाला.

"नाही. तुझ्यासाठी खोटं बोलायला माझ्यात आता तेवढा दम नाही."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग बोलू लागला. तो म्हणाला की मला तुमचं वाईट वाटतं ते आहेच, पण खेळ त्यामुळं सोडलेला नाही. माझ्या खांद्याचा आवाज झाला तो त्याला अजून ऐकू येतो. त्या सामन्यानंतर एकदा तो सरावाला गेला होता. गोलकीपर पुढं आला आणि याचे पाय आपोआप बाजूला वळले. पुन्हा गेला, पुन्हा वळले. "मी नाय वलवत," तो म्हणाला. "पायच वलतात. असा फॉरवर्ड काय कामाचा?"

माझ्याजवळ जे होतं ते सांगितलं. कोलंबोला एका फॉरवर्डच्या बुटानं माझी भुवई फाटली होती. त्यानंतर पुढचा सबंध मोसम मी झेप घेताना डोळे मिटायचो. कुणाला कळलं नाही. मी मिटत नव्हतो, ते मिटायचे. पुष्कळ गोल खाल्ले. मग एका दिवशी, कुठल्याशा साध्या सामन्यात, ते मिटले नाहीत. हसुरामनं विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, काही नाही, जात राहिलो एवढंच. का उघडे राहिले ते मला आजही माहीत नाही.

पाणी हळूहळू आलं. आधी चिखलातल्या चिरांमधून, मग होडीखालून. होडी हलली तेव्हा त्यानं वल्हं हातात घेतलं.

परत

निघायच्या दिवशी हसुरामच्या आईनं तांदूळ, सुकट आणि मिठाचं एक लहान गाठोडं दिलं. मीठ करड्या रंगाचं, जाड्या खड्यांचं. तुळसाआत्या दारापर्यंत आली आणि खांद्यावर हात ठेवून परत गेली. हसुराम मला पनवेलपर्यंत पोचवायला आला. इसाकभाईंनी माझ्यासाठी कुठूनसे जुने बूट पैदा केले होते. ते एक माप मोठे होते. रंगूनच्या बाजाराबद्दल कुणाला तरी विचारून कळवीन, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "रहने दो साहेब. जे गेले ते गेले. तुमी सलामत ऱ्हावा."

गाडी सुटेपर्यंत हसुराम खिडकीखाली उभा होता. चाचणी सामन्याचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही. गाडी निघाल्यावर त्यानं हात केला. मी उजवा हात उचलला, तो खिडकीच्या गजापर्यंत गेला.

मुंबईत आधी गिरणीच्या मॅनेजरला भेटलो. ते भले गृहस्थ. म्हणाले, खात्यात बसा, काम आहे. इतक्या वर्षांनी मी माझ्या खुर्चीवर खरोखर बसलो. मग निवड समितीला नकार कळवायला म्हणून चाचणी सामन्याच्या दिवशी मैदानावर गेलो. कळवलं. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि पाहुण्यांच्या बाकावर बसायला सांगितलं. सामना बाकावरून मी कधी बघितला नव्हता. सगळं फार लहान दिसतं आणि फार सोपं.

संघ मैदानात आले तेव्हा त्यात हसुराम होता. मान खाली घालून बुटाची नाडी आवळत होता. त्यानं बाकाकडं बघितलं नाही, आणि मीही हाक मारली नाही.

पहिल्या अर्ध्या वेळात तो वाईट खेळला. दोनदा मोकळा चेंडू मिळाला आणि दोन्ही वेळा गोलकीपर पुढं येताच तो बाजूला गेला. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले की या पोराचं काळीज लहान आहे. मला त्याचे पाय दिसत होते. ते वळत होते, तो वळवत नव्हता.

दुसऱ्या अर्ध्यात बराच वेळ चेंडू त्याच्याकडं आलाच नाही. मग मधल्या फळीतून एक लांब चेंडू आला आणि तो सुटला. बॅक मागं राहिले. गोलात माझ्या जागी आलेला उंचापुरा पंजाबी तरुण पुढं धावला. बरोबर वेळेला निघाला, मीही तेव्हाच निघालो असतो. हसुराम आला तो सरळ आला. गोलकीपर त्याच्या पायांवर पडला, त्याच क्षणी हसुरामनं चेंडू बोटभर बाजूला घेतला, त्याच्या अंगावरून उडी मारली आणि रिकाम्या जाळ्यात मारला. पंजाबी तरुण लगेच उठून उभा राहिला. हसुराम जाळ्याकडं न जाता आधी मागं वळला, त्या तरुणाच्या दोन्ही खांद्यांकडं बघितलं, आणि मग त्याच्या संघातल्यांनी त्याला गाठलं.

भोवतालची माणसं उठून ओरडत होती. मी बाकावर डावीकडं पार कलंडलो होतो, त्या शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर. त्यांनी मला सावरलं आणि कुठं लागलं का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं, बरं वाटतंय म्हटलं, आणि ते खरंही होतं.

पण तो चेंडू मी अडवला असता, असं मला अजून वाटतं.